‘अनलिमिटेड’ची मोजपट्टी

अहिल्यानगरच्या दाळमंडईत किंवा आडते बाजारात साखरेच्या पोत्यावर ‘भरपूर’ असे लिहून माल विकता येत नाही. बंद पाकिटावर निव्वळ वजन छापावे लागते, काट्यावर वैध मापन विभागाचा शिक्का असावा लागतो. मापात पाप नको, हे पेढीवर बसणाऱ्या मुलाला हिशेबाच्या आधी शिकवले जाते. त्याच पेढीवर इंटरनेटचे पैसे मात्र ‘अनलिमिटेड’ या एका शब्दावर विश्वास ठेवून भरले जातात. हा शब्द म्हणजे माप नव्हे. खरे माप योजनेच्या अटींत, बारीक अक्षरांत असते आणि ते वाचण्याची सवय व्यापारी घरांनाही अद्याप लागलेली नाही.

२००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली, तेव्हा मर्यादा उघड होती. ठरलेला वापर संपला की पुढच्या प्रत्येक एमबीला पैसे पडत. काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे, म्हणून महाविद्यालयीन मुले गजर लावून उठत. महिनाअखेरीचे बिल पाहून घरात कुरबुर होई, पण हिशेब सर्वांना कळत असे. पुढे बिलाची रक्कम ठरलेली राहू लागली आणि मर्यादा ओलांडल्याचा दंड रुपयांऐवजी वेगात घेतला जाऊ लागला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा आली. त्या फुकट योजनेतही वेगवान वापराला रोज ४ जीबीची सीमा होती. १ जानेवारी २०१७ पासून ती १ जीबी झाली आणि त्यापुढे वेग १२८ केबीपीएसवर येऊ लागला. आज अनेक प्रीपेड योजनांत रोजचे दीड किंवा दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएस होतो. सेवा बंद होत नाही, म्हणून ती ‘अनलिमिटेड’.

६४ केबीपीएस म्हणजे नेमके किती, हे एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. वेग ‘बिट’मध्ये सांगतात आणि फाइलचा आकार ‘बाइट’मध्ये, आठ बिटांचा एक बाइट. आकडा सारखा दिसला तरी दोन्हींत आठपटींचा फरक असतो. मण आणि क्विंटल एकाच वहीत मिसळावेत, तसा हा घोटाळा आहे. ६४ केबीपीएस वेगाने सेकंदाला ८ किलोबाइट येतात. म्हणजे एका एमबीला दोन मिनिटे आणि पाच एमबीच्या फाइलला दहा मिनिटांहून अधिक. यूपीआयचा संदेश इवलासा असतो, तो कसाबसा पार पडतो. अडतात ती बिलांची छायाचित्रे, बँकेचे उतारे आणि जीएसटीचे संकेतस्थळ. २० तारखेच्या संध्याकाळी ‘जीएसटीआर-३बी’ भरायला बसलेल्या मुनीमजींच्या मोबाइलचा दिवसाचा कोटा घरातील मुलांनी दुपारीच सामना पाहून संपवलेला असला, तर पान उघडेपर्यंत संकेतस्थळ त्यांना बाहेर काढते. एक दिवस उशीर झाला की ५० रुपये विलंब शुल्क, निरंक विवरणपत्राला २०. रक्कम लहान आहे. पण परराज्यात जाणारा ट्रक भरून उभा आहे, माल ५० हजारांहून अधिक किमतीचा आहे आणि ई-वे बिल निघत नाही, तेव्हा खोळंबा शुल्कात मोजता येत नाही.

मोबाइल योजनेत आणखी एक गोम आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या योजनांपुरते ठेवले. फोन ५जीचा हवा आणि ठिकाणही ५जीच्या टप्प्यातील हवे. शहरातून वसुलीसाठी खेड्यांत गेलेल्या माणसाचा फोन वाटेत ४जीवर उतरला की त्या क्षणापासून दैनिक कोटा झिजू लागतो. वापरणाऱ्याला योजना तीच वाटते. माप बदललेले असते. (महिन्याचेही तसेच. २८ दिवसांची योजना वर्षात १३ वेळा भरावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये ३० दिवसांची एक योजना तरी ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. ती मागितल्याशिवाय दाखवली जात नाही.)

घरातील वायफायची गोष्ट वेगळी, आणि व्यापारी घरांसाठी ती अधिक महत्त्वाची. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ योजनांत जिओ आणि एअरटेल या दोघांचीही महिन्याची मर्यादा ३३०० जीबी अशी रूढ झाली आहे. दिवसाला ११० जीबी. चित्रपट, शाळेचे वर्ग, प्रवचनाचे थेट प्रक्षेपण, सारे धरूनही एकत्र कुटुंबाला एवढे संपवणे कठीण. मात्र खाली दुकान आणि वर घर अशी रचना असली आणि वरच्याच वायफायची वायर खाली कॅमेऱ्यांना दिलेली असली, तर हिशेब बदलतो. एक कॅमेरा २ एमबीपीएस वेगाने सतत चित्रण क्लाउडवर पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी जातात. चार कॅमेऱ्यांचे ८६ जीबी, महिन्याचे जवळपास २६०० जीबी. म्हणजे मर्यादेचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग रिकाम्या दुकानाचे रात्रीचे शटर पाहण्यात खर्च होतो. हवेतून येणाऱ्या ‘एअरफायबर’ योजनांत मर्यादा १००० जीबीच्या आसपास असते. तेथे हेच चार कॅमेरे बाराव्या दिवशी कोटा संपवतील. चित्रण दुकानातील यंत्राच्या हार्डडिस्कवर साठवले, तर इंटरनेट लागतच नाही. मालक मोबाइलवरून दुकान पाहतो तेवढाच वेळ ते खर्च होते. कॅमेरे बसवणाऱ्याला हा एक प्रश्न विचारला, तर बहुतेक घरांची तक्रार तेथेच मिटेल.

मर्यादा घालणे मुळातच लबाडी आहे, असे मात्र म्हणता येत नाही. एका टॉवरची क्षमता शेकडो ग्राहकांत वाटलेली असते. दोन-चार जणांनी ती अहोरात्र ओढली, तर बाकीच्यांना थेंब मिळत नाही. टंचाईच्या वर्षी टँकर वाटताना हंड्यांची संख्या ठरवतात, त्याला या जिल्ह्यात कोणी अन्याय म्हणत नाही. दोष आहे तो हंडे मोजून द्यायचे आणि पाटीवर ‘हवे तेवढे पाणी’ लिहायचे, यात.

अमेरिकेत हाच मुद्दा न्यायालयात गेला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये एटी अँड टी मोबिलिटीवर दावा लावला. आरोप असा, की अमर्याद म्हणून विकलेल्या योजनेत ठरावीक वापरानंतर वेग पाडला जात होता आणि ग्राहकांना ते पुरेसे सांगितले नव्हते. अशा ग्राहकांची संख्या ३५ लाखांहून अधिक. २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि मर्यादा ठळकपणे सांगितल्याशिवाय ‘अनलिमिटेड’ म्हणणार नाही, ही अट स्वीकारली. भारतात ‘ट्राय’ने २०१२ मध्ये आणि पुन्हा ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी आदेश काढले. मर्यादा किती, तोवरचा वेग किती आणि नंतरचा किती, हे तीनही आकडे कंपनीने सांगितले पाहिजेत. वायरने येणाऱ्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसखाली जाता कामा नये, आणि वापर ५०, ९० व १०० टक्क्यांवर पोहोचला की ग्राहकाला कळवले पाहिजे, असे दुसऱ्या आदेशात आहे. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएस अशी बदलली. म्हणजे मर्यादेनंतर ५१२ केबीपीएसने जे मिळते, ते आता सरकारच्याच व्याख्येत ब्रॉडबँड नव्हे.

तक्रार करण्याआधी एक खात्री करावी. वेग मर्यादेमुळे पडला आहे, की गर्दीमुळे? शिर्डीत रामनवमीला किंवा मोहटादेवीला नवरात्रात नेटवर्क रांगते, ती गर्दी. पहाटे तेथेच वेग परत येतो. मर्यादेने पडलेला वेग एकाच आकड्यावर ठाम राहतो आणि दैनिक योजनेत मध्यरात्री बारानंतर मोकळा होतो. दोन-तीन वेळांचे वेगाचे मोजमाप आणि कंपनीच्या ॲपमधील वापराचा आकडा जपून ठेवला, तर बोलणे सोपे जाते.

कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ३९ दिवसांत निकाल देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढे ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध आयोगात जाता येते की नाही, हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ग्राहकांच्या बाजूने मिटवला. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगात शुल्क नाही. अडचण एकच: व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेवढी सूट आहे. दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतलेल्या जोडणीला कंपनीचा वकील हाच आक्षेप सर्वांत आधी घेईल. उलट, घरगुती जोडणी दुकानात ओढली, तर वापराच्या अटींचा भंग झाला, असे म्हणायलाही तो मोकळा असेल. घराची आणि पेढीची जोडणी वेगळी ठेवली, तर महिन्याला चार-पाचशे रुपये जास्त जातील, पण पेढीची ती रक्कम व्यवसायाच्या खर्चात रीतसर दाखवता येईल.