पाऊलवाट आखणार, ती कोणत्या महिन्यात?



तळ्याकाठून, रानातून निसर्गवाट आखायची, लोकांना पायी फिरवून पक्षी-झाडं दाखवायची आणि गावाला चार पैसे मिळवून द्यायचे, ही कल्पना हल्ली वारंवार कानावर येते. आमच्या बीड जिल्ह्यातही पाटोदा तालुक्यात १९९४ पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे. मी केज तालुक्यातल्या नांदूरघाटची. आमच्याकडे अशी वाट कुणी आखणार असेल, तर माझा विरोध नाही. मी एवढंच विचारते, ती कोणत्या महिन्यात आखणार?

पाहुणे पक्षी थंडीत येतात, ते पाहणारेही तेव्हाच. नेमक्या त्याच महिन्यांत आमच्या कितीतरी बाया ऊसतोडीला गेलेल्या असतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलात परततात. मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाटेचा ठराव झाला, तर हात कुणाचे वर होतील?

रान मात्र ठाऊक असतं याच बायांना. सरपणाला, चाऱ्याला, शेळ्यांमागं त्याच फिरतात. लांडोर पावसाळ्यात झुडपाआड जमिनीवर अंडी घालते, टिटवी उन्हाळ्यात उघड्या माळावर. हे न विचारता वाट काढली, तर अंडी तुडवली जातील. आणि कुंपण घातलं, तर सरपणाच्या मोळीला मैलाचा वळसा पडेल.

कायद्यावर विसंबून चालणार नाही. २०१७ च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. दुष्काळी भागातले कितीतरी तलाव तर १९७२ च्या दुष्काळी कामांवर आणि पुढं रोजगार हमीवर बायांनीच डोक्यावर माती वाहून उभे केलेत. तेव्हा नियम गावालाच करावे लागतील. त्यासाठी २००२ च्या कायद्याची जैवविविधता समिती आहे. तिच्या नोंदवहीत बायांचं ज्ञान बायांच्या नावानं उतरलं पाहिजे.

हे जमतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायांनी २०१७ मध्ये होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली. वल्हं त्यांच्या हातात, माहितीही त्याच सांगतात.

आपल्याकडे वाट मे महिन्यात, टोळ्या परतल्यावर, बायांसोबत चालून आखावी. ती मातीचीच ठेवावी, पाण्यापासून लांबून न्यावी, विणीच्या जागा टाळाव्यात. वाटाड्याचं काम रोजंदारीवर बायांना द्यावं आणि तसं पावसाळ्याआधी लिहून द्यावं, कारण पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच घेतली जाते. एकदा उचल घेतली, की नवरा-बायकोचा कोयता मोडता येत नाही.

अशा वाटेनं ऊसतोड थांबणार नाही, हे मला कळतं. पण जिला सातवा महिना लागलाय, तिला हंगामभर गावात राहून कमावता आलं, तरी ती वाट आखल्याचं सार्थक झालं म्हणेन.