आकडे तेच, वाटा तीन!

दोस्तांनो, गेल्या रविवारी आमच्या नववीतल्या भाचीचा फोन आला. "मामा, गाणं लावलं की स्पीकरमधून सारखं घुंऽऽ ऐकू येतंय. एक जण म्हणतो, महागाची वायर घे. दुसरा म्हणतो, कॉम्प्युटरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक. काय करू?"

मी ओरडलोच, "पिनला हात लावू नकोस! आलोच मी."

तिच्याकडे कॉम्प्युटर आहे, आजोबांचा जुना ॲम्प्लिफायर आहे आणि दोघांच्या मधे 'डॅक' नावाची छोटीशी डबी. कॉम्प्युटरला गाणं म्हणजे नुसते आकडे! सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजलेला असतो. तोही डाव्या-उजव्या बाजूंचा वेगवेगळा. या आकड्यांपासून विजेचे चढउतार तयार करायचे, हे डॅकचं काम.

आकडे डॅककडे न्यायच्या मुख्य वाटा तीन. पहिली यूएसबी. ती जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरला असते. या वाटेवर बऱ्याच डॅकमध्ये ठेका डॅकच धरतो. "पाठव, जरा थांब" असं तोच सांगतो. दुसरी कोॲक्सियल, म्हणजे तांब्याची तार. इथे ठेका कॉम्प्युटरकडून येतो. तो किंचित डळमळला, तर त्याला 'जिटर' म्हणतात. चांगला डॅक हा डळमळता ठेका सावरून घेतो. तिसरी ऑप्टिकल. भाषा कोॲक्सियलचीच, पण तारेऐवजी लाल उजेड! तोशिबा कंपनीने ही जोडणी १९८३ मध्ये आणली.

आता गंमत ऐका. तिन्ही वाटांनी आकडे तेच पोचतात. महागड्या वायरने पाच आकड्याचा सव्वापाच होत नाही! आकडे वाटेत हरवले, तर टकटक होते किंवा आवाज तुटतो. घुंऽऽ होत नाही.

मग घुंऽऽ कुठून आलं? आम्ही यूएसबीची वायर काढली. घुंऽऽ बंद! लावली, की पुन्हा सुरू. चोर सापडला. कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर, दोघेही तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेले. त्यात यूएसबीच्या तारेनेही दोघांना जोडलं आणि विजेचं वेटोळं पूर्ण झालं. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यातून आत शिरली.

कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक छोटं चौकोनी भोक होतं आणि त्यातून लाल उजेड दिसत होता. साधी ऑप्टिकल वायर आणून तिथे जोडली. उजेडाच्या वाटेने वीज जात नाही, त्यामुळे वेटोळं तुटलं. डॅकला वेगळा ॲडॅप्टर होता, म्हणून हे जमलं. डॅक यूएसबीवरच चालत असता, तर ती तार काढताच आली नसती.

आणि ती तिसरी पिन? यंत्राच्या आत विजेची तार सुटून पत्र्याला टेकली, तर वीज याच पिनमधून निघून जाते आणि आपण वाचतो. पिन काढली, तर २३० व्होल्टचा झटका आपल्याला! तेव्हा घुंऽऽ परवडलं, पण पिन काढायची नाही. कबूल?

शेवटी गाणं लागलं. आजोबा म्हणाले, "अरेच्चा! मी इतके दिवस त्याला तंबोरा समजत होतो!"

डोकं चालवा : सीडीवरचा प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. तर तीन मिनिटांच्या गाण्यात एकूण बिट किती? उत्तर पुढच्या अंकात!