टाळ्या किती, गल्ला किती?

कोल्हापूरकराला गर्दीचे अप्रूप नाही. खासबागेत कुस्ती लागली की मैदान फुलते, शिट्ट्या घुमतात. पण मैदान भरवणाऱ्याला रात्री हिशेब करावा लागतो तो शिट्ट्यांचा नव्हे, तिकिटांचा. मोबाइलच्या पडद्यापुढे बसलो की एवढी साधी गोष्ट आपण का विसरतो, कोण जाणे!

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि तिच्या मुळाचा साधा उल्लेखही केला नाही. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. त्या गदारोळाने काम केले, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. कंपनीने चपलेचे भारतीय मूळ कबूल केले, जुलैत तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम व कर्नाटकच्या लिडकर या महामंडळांशी करार झाला. सुमारे दोन हजार जोड आणि एका जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास, असा तो बेत. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन तर २०१९ मध्येच मिळाले होते. जगाला त्याची आठवण करून दिली ती सामान्य माणसाच्या बोटांनी.

या यशातून एक गैरसमज मात्र पसरला. गाजले म्हणजे खपले, असे आता चप्पल ओळीतल्या पोरसवदा दुकानदारालाही वाटू लागले आहे. रोज एक चित्रफीत, वर गाणे, खाली बदाम. संध्याकाळी बदाम मोजायचे आणि खुशीत झोपायचे!

माझे आयुष्य बँकेत गेले. कर्जाचा अर्ज आला की आम्ही दुकानापुढची गर्दी पाहत नसू, खातेउतारा पाहत असू. इथेही तेच करावे. समजा, एक चित्रफीत दहा हजारांनी पाहिली, आठशेंनी वाखाणली, वीस जणांनी भाव विचारला आणि चौघांनी जोड घेतला. दुसरा मजकूर सहाशेंनीच वाचला, पण नऊ जणांनी विचारले आणि पाच जणांनी घेतला. मोठा कोणता? त्यातून जाहिरातीचा खर्च, टपालखर्च आणि माप चुकले म्हणून परत आलेले जोड वजा केले की खरे चित्र दिसते. त्यासाठी महागडे यंत्र नको. ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ हा एक प्रश्न आणि उत्तर लिहायला एक वही पुरे. तीन महिने वही नेमाने भरली, तर कोणता मजकूर चालतो आणि कोणता नुसताच नाचतो, ते आपोआप उमगेल.

आणि लिहायचे तरी काय? जे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही ते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कसे कमावतात, कापशीची घडण कशी असते, वेणी कशी गुंफतात, नवी चप्पल चावली तर काय करावे, पावसाळ्यात ती कशी जपावी, पायाचे माप घरी कसे घ्यावे. मापाविषयी नीट लिहिलेल्या चार ओळी परत येणारे जोड कमी करतील; सिनेमाच्या गाण्याने ते होणार नाही. ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी तर रबरी तळव्यावरही लावता येते. गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो तो तपशिलावर.

शेवटचा रकाना मात्र दुकानदार सहसा आखत नाही. सुभाषनगरात, जवाहरनगरात बसून आरीने शिवणाऱ्या माणसाला आणि वेणी घालणाऱ्या त्याच्या घरच्या बाईला या सगळ्या गाजावाजातून जोडामागे किती रुपये जास्त मिळाले? तो आकडा हलला नाही, तर कारागिराचा मुलगा हा धंदा सोडून दुसरीकडे जाईल, आणि त्याला दोष कुणी द्यावा? मग उद्या आपण मोबाइलवर बदाम मोजत बसू आणि चप्पल घडवणारा हातच उरलेला नसेल. म्हणून गिऱ्हाइकांच्या वहीशेजारी मजुरीचीही वही ठेवावी. दोन्ही वह्यांतले आकडे सोबतीने वाढले, तरच जाहिरात फळली म्हणायचे.