घरच्या घरी : चिंध्यांचे पहिले आसन



सासूबाईंची तीन सुती लुगडी ट्रंकेत पडून होती. नेसणारे कुणी नाही, अन् भांडीवालीला द्यायला मन होईना. पावसाळ्यानंतर उघडून पाहते तो एकावर बुरशीचे ठिपके! तेव्हाच ठरवले, यांची आसने विणायची.

पण बरे झाले, आधी लुगड्याला हात लावला नाही. माझे पहिले आसन मध्ये आवळून चक्क डमरू झाले! ते होते जुन्या पंच्याचे. आमचा राजापुरी पंचा जुना झाला की इतका मऊ पडतो, की शिकाऊ हाताला त्याच्यासारखे कापड नाही.

बंगालात शांतिनिकेतनच्या परिसरात ‘खेस’ विणतात. ताणा नव्या सुताचा, बाणा जुन्या साड्यांच्या पट्ट्यांचा. त्यांच्याकडे माग आहे, आपल्याला पुठ्ठा पुरे.

साहित्य : ३० सें.मी. लांब, २४ सें.मी. रुंद जाड पुठ्ठा, मजबूत सुती दोरा, एक जुना पंचा (पुरून उरतो), कात्री, जेवणाचा काटा.

कृती : (१) कापड आधी वेगळे धुऊन घ्या. रंग जात असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मग कडेला चीर देऊन दोन-दोन सें.मी. रुंदीच्या पट्ट्या हातानेच फाडा. सुती कापड सरळ फाटते.

(२) पुठ्ठ्याच्या आखूड बाजूंना एकेक सें.मी.वर २२ खाचा पाडा. दोरा वरच्या पहिल्या खाचेत अडकवून पुढून खाली आणा, मागून वर नेऊन दुसऱ्या खाचेत घाला. असे शेवटपर्यंत. दोन्ही टोके वीतभर सोडून मागे चिकटवा.

(३) पट्टी एका दोऱ्यावरून, एकाखालून न्या. परतताना उलट. प्रत्येक ओळ काट्याने दाबून बसवा.

(४) पट्टी संपली की तिच्या टोकाला आणि नवीच्याही टोकाला छोटी चीर द्या. नवीचे टोक जुनीच्या चिरेतून ओवा, मग नवीचे दुसरे टोक तिच्याच चिरेतून काढून ओढा. सुईचे काम नाही.

(५) दोन्ही कडांना थोडी जागा उरली की थांबा. मागचे दोरे मधोमध कापा आणि दोन-दोन दोऱ्यांची गाठ मारा. झाले आसन!

आता डमरूचे कारण : मी पट्टी ताणून ओढत होते. पट्टी नेहमी कमानीसारखी सैल टाका, मग दाबा. दर चार-पाच ओळींनी पट्टीने रुंदी मोजा. ती २१ सें.मी.च राहायला हवी.

कोकणातल्या भगिनींनो, हे काम पावसाआधी उरका. ओले जाड आसन श्रावणात वाळता वाळत नाही, अन् वास धरते.

दुसरे आसन सरळ आले, तेव्हाच लुगडे काढले. पहिली चीर देताना हात थरथरला, खोटे कशाला सांगू! काठ मात्र फाडले नाहीत, जपून ठेवलेत. आज ते आसन देवासमोर असते. यजमान रोज त्यावर समई ठेवतात, बोलत काही नाहीत. पण धुवायला टाकले की लगेच विचारतात, “आईचं आसन कुठाय?”