नो मॉड्यूल नेम्ड मावसाजी!

रात्रीचे साडेदहा. स्थळ : आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. बाहेर ओसरीत मावसाजींचा माग शांत उभा, आत मावसभावाचा सेकंडहँड लॅपटॉप आणि त्याच्यासमोर अस्मादिक. स्क्रीनवर लाल अक्षरात एकच ओळ... मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स.

तुम्ही म्हणाल, सुट्टीला गावी गेलास ना रे, मग हे काय? तर झालं असं. आंधळगाव म्हणजे कोशाचं गाव. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांचा कोसा, त्याचं सूत आणि त्यातून हातमागावर विणलेली करवत काठी. काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. काठ आणि अंग एकमेकांत गुंतवायला विणकर तीन धोटे चालवतो. मी लहानपणापासून बघतोय, तरी अजून मला तो हिशेब कळलेला नाही.

मावसाजींकडे वीस साड्या तयार होत्या. नेहमीचा व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता आणि त्याने फोनवर भाव सांगून टाकला होता. मावसाजी जेवताना सहज म्हणाले, ‘‘तुमच्या त्या मोबाइलवर ह्याच साड्या केवढ्याले विकून राहिले बे?’’ मी दोन-तीन साइट उघडून दाखवल्या. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘एकदोन नाही, सगळ्या पाह्यल्या पाह्यजे.’’

सगळ्या! आता शेकडो पानं हाताने कोण बघणार? पण आपल्याकडे स्क्रेपर आहे ना बॉस! पुण्यात फ्लॅट शोधताना लिहिलेला छोटा पायथन प्रोग्रॅम पेन ड्राइव्हमध्ये पडून होता. पान उघडायचं, नाव आणि किंमत उचलायची, एक्सेलमध्ये टाकायची. दहा मिनिटांचं काम, असं मी छाती काढून सांगितलं. लागले अडीच तास.

पहिला एरर तर सरळ होता. माझ्या पुण्याच्या मशीनवर लायब्ररी होती, इथे नव्हती. प्रोग्रॅम कॉपी केला म्हणजे त्याचा संसारही मागोमाग येतो असं नाही. पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स लिहिलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते हळूहळू उतरलं. पुन्हा रन. पुन्हा तोच एरर! पिपला विचारलं तर म्हणतो, रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड. म्हणजे एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. सासू-सुनेच्या सीरियलसारखं.

मित्रांनो, इथे नव्वद टक्के लोक लॅपटॉप बंद करून झोपतात. (हा आकडा माझ्या मनातला, पण तुम्हाला पटेल.) गोम अशी, की एकाच मशीनवर दोन पायथन असू शकतात. भावाने कॉलेजात असताना एक टाकलेला, नंतर कुठल्याशा कोर्ससाठी दुसरा. पिप एकाच्या घरात सामान टाकत होता आणि प्रोग्रॅम दुसऱ्याच्या घरात चालत होता. मी मावसाजींना समजावलं, ‘‘धोटा घरात आहे, पण शेजारच्या मागावर ठेवलाय.’’ ते म्हणाले, ‘‘मंग आण ना उचलून!’’

उचलून आणायची युक्ती सोपी आहे. नुसतं पिप लिहायचं नाही. पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल असं लिहायचं, म्हणजे जो पायथन प्रोग्रॅम चालवणार, त्याच्याच घरात सामान पडतं. शंका असेल तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा, कोणता पायथन बोलतोय त्याचा पूर्ण पत्ताच मिळतो. आणि खरं शहाणपण हवं असेल तर प्रत्येक कामासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा. पायथन डॅश एम व्हीएन्व्ह, पुढे फोल्डरचं नाव. झालं. २०२३ पासून डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्समध्ये तर सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप चालवायला गेलात की तो ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून दारातच अडवतो. बरंच करतो.

रिक्वेस्ट्स आलं. आता घाईत मी एक मूर्खपणा केला. चालतं का बघू म्हणून दोन ओळींची टेस्ट फाइल बनवली आणि तिला नाव दिलं रिक्वेस्ट्स डॉट पीवाय. पायथन मॉड्यूल शोधताना आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये डोकावतो. त्याला माझीच फाइल सापडली, तो खूश, आणि मग तक्रार की हिच्यात ‘गेट’ नावाचं काहीच नाही. सर्क्युलर इम्पोर्ट वगैरे भारी शब्द पण सोबत होते. आठ वर्षं या धंद्यात काढून ही चूक! फाइलचं नाव बदललं. ऑफिसमध्ये सांगू नका.

पुढचा नंबर ब्यूटिफुल सूपचा. वेब पेजच्या पसाऱ्यातून हवं ते वेचून देणारी ही लायब्ररी लेनर्ड रिचर्डसनने २००४ मध्ये आणली. नाव ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’मधल्या गाण्यावरून घेतलंय. इथे गंमत अशी, की इन्स्टॉल करताना तिचं नाव ब्यूटिफुलसूप४ आणि प्रोग्रॅममध्ये बोलवताना बीएस४. शाळेत एक नाव, घरी एक नाव, आपल्याकडच्या पोरांसारखं. आकडा विसरून नुसतं ब्यूटिफुलसूप लिहिलंत तर जुनी आवृत्ती समोर येते, ती पायथन ३ वर चालतच नाही.

आणि नाव अंदाजाने टाइप करू नका, प्लीज! २०१७ मध्ये स्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय सुरक्षा कार्यालयाला पायथनच्या अधिकृत भांडारात खोट्या लायब्ऱ्या सापडल्या होत्या. प्रसिद्ध नावांत एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं. २०१९ मध्ये तर जेलीफिशमधल्या एका एलच्या जागी कॅपिटल आय घालून कुणीतरी चोर घुसवला होता. डोळ्यांना फरक दिसतच नाही. तेव्हा नाव लायब्ररीच्या अधिकृत माहितीवरूनच घ्या.

शेवटचा अडथळा एलएक्सएमएल. एरर वेगळाच, ‘ट्री बिल्डर सापडत नाही’. म्हणजे सूप आहे, चमचा नाही. हॉटस्पॉटचा डेटा संपत आलेला, म्हणून मी पायथनसोबतच येणारा एचटीएमएल डॉट पार्सर लिहून टाकला. थोडा हळू, पण काम झालं.

एक वाजता प्रोग्रॅम धावला. घाई तर होतीच, पण आपण पाहुणे आहोत हे विसरायचं नाही. प्रत्येक साइटची रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल आधी वाचली. एका साइटने रोबोटला साफ मनाई केलेली होती, ती सोडून दिली. बाकी ठिकाणी दोन पानांच्या मध्ये पाच सेकंदांची विश्रांती. एका साइटवरून कोरी यादी आली, कारण तिथल्या किमती जावास्क्रिप्टने मागाहून भरल्या जात होत्या. त्यासाठी सेलेनियम लागलं असतं. तीही सोडली.

यादी आली, पण तिच्यावर लगेच विश्वास ठेवायला मावसाजी तयार नव्हते. चष्मा लावून एकेक फोटो मोठा करायला लावला. ‘‘हे कोसा नाही.’’ ‘‘हे मशीनचं आहे.’’ ‘‘हे पाय, हे आपलं.’’ नावात कोसा लिहिलंय म्हणून प्रोग्रॅमने उचललेलं निम्म्याहून जास्त त्यांनी खोडलं. शुद्ध रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क. किती फोटोंखाली दोन्हींचा उल्लेख होता, ते मोजायला फार वेळ लागला नाही. उरलेल्या साड्यांची सरासरी मी काढली. व्यापाऱ्याच्या भावाच्या ती किती पट होती ते लिहिणार नाही, मावसाजींनी नको म्हटलंय. दुकानाचं भाडं, कुरिअर, परत आलेला माल हे सगळं वजा धरलं तरी फरक बोचणारा होता.

सकाळी व्यापारी आला. मावसाजींनी कागद पुढे केला नाही, नुसता नवा भाव सांगितला. तो हसला, उठला, चप्पल घातली, परत बसला. तासाभराने बारा साड्या नव्या भावाने गेल्या. मागितला तेवढा नाही, पण जुन्यापेक्षा बरा. आठ घरीच राहिल्या आणि मावशीचा चेहरा त्या आठांकडे बघून दिवसभर उतरलेला होता. दिवाळीचा खर्च त्यांच्यावरच होता ना.

दुपारी मी वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्टेशनला निघालो, तेव्हा भाऊ अंगणात त्या आठ साड्यांचे फोटो काढत होता. मावसाजी मागे उभे. ‘‘काठ जवळून घे बे,’’ ते सांगत होते, ‘‘करवतीचे दात दिसले पाह्यजे.’’