डोंगर मोजा, पण वाडीला विचारून



पाऊस तोंडावर आला आहे. तहसील कचेरीत दरडीच्या धोक्याच्या गावांची यादी आता पुन्हा बाहेर निघेल. यादीतल्या वाड्यांना नोटीस येईल की पावसाळ्यात सुरक्षित जागी जा. कुठे जा, कोणाच्या जागेवर जा, तिथे शेळ्या-कोंबड्या कुठे बांधा, हे त्यात नसतं. आणि जी वाडी यादीतच नाही तिला तर तेवढीही नोटीस नाही.

यादीत नसणं म्हणजे काय, हे इर्शाळवाडीने दाखवलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. २७ जणांचे मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. वर जायला रस्ता नाही म्हणून मशीन चढलं नाही, माणसांनी हातानेच माती उपसली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं.

त्याच्या नऊ वर्षं आधी, ३० जुलै २०१४ ला, आपल्याच पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही ही बातमी पहिल्यांदा कळली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे. माळीणनंतर डोंगर मोजायचं काम जोरात सुरू झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या डोंगरी भागाचे दरडीचे नकाशे करायला घेतले. जिल्ह्याजिल्ह्यात याद्या झाल्या. तरी इर्शाळवाडी सुटली. कशी सुटली, याचा विचार आपण करायला पाहिजे.

पहिली गोष्ट नकाशाची. देशभराचे हे नकाशे १:५०,००० या मापाचे आहेत. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आपली एखादी वाडी शंभर मीटर लांब असली तर त्या नकाशावर ती दोन मिलिमीटर होते, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. असा नकाशा वाईट नाही. कोणता पट्टा धोक्याचा हे त्यातून कळतं. पण कोणाचं घर धोक्यात आहे ते त्यातून कळत नाही. त्यासाठी १:१०,००० चा नकाशा लागतो, आणि त्याहून जास्त लागतात ते डोंगरावर चालणारे पाय.

दुसरी गोष्ट गावाची. सरकारी यादी महसुली गावाने चालते. आपण राहतो वाडीत, पाड्यावर. महसुली गाव खाली रस्त्याला, वाडी वर कड्याखाली. यादीत गावाचं नाव नसलं तर वाडी आपोआप गायब, आणि असलं तर नोटीस खालच्या चावडीवर लागते.

डोंगर मोजायची पट्टी कामाप्रमाणे बदलते हेही बघा. हा अंक सदाशिव पेठेतून निघतो. इथून पर्वती चालत गाठता येते. या शहरात टेकडीवर बांधकाम करायचं का नाही ते उतारावरून ठरतं. पाच फूट पुढे गेल्यावर एक फुटापेक्षा जास्त चढ असेल तर बांधायचं नाही, असा नियम आहे. पश्चिम घाटाची संवेदनशील गावं ठरवताना कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली उपग्रहाची चित्रं घेतली आणि गावाचा २० टक्के भाग त्यात आला की गाव यादीत धरलं. प्लॉटसाठी एक पट्टी, झाडांसाठी एक पट्टी, दरडीसाठी तिसरी. शहरातल्या टेकडीवर काही ठरायचं असलं की सुनावणी होते, हरकती घेतात, पेपरात पत्रं येतात. आमच्या डोंगरावर काय ठरलं ते आम्हाला शेवटी कळतं.

आता आपल्या बाजूचंही सरळ बोलू. आपल्या वाडीचं नाव यादीत यावं असं आपल्याच लोकांना वाटत नाही. मोजणीवाले आले की म्हातारी माणसं सांगतात, इथे काही धोका नाही, आमचे आजे इथेच राहिले. असं का सांगतात ते आपल्याला माहीत आहे. वनहक्काचा दावा अजून पडून असतो. वाडी धोक्याची ठरली, लोक खाली हलवले, तर वरची खाचरं, वरकस, हिरड्याची झाडं कोणाची? रिकाम्या जागेवर उद्या तारेचं कुंपण येईल, ही भीती खोटी नाही. जमीन जाईल या भीतीने माणूस दरडीखाली झोपतो, ही आजची खरी परिस्थिती आहे. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या दाव्याची फाईल कुठे आहे ते सांगावं.

म्हणून संघटनेची भूमिका या अंकात स्पष्ट मांडतो. मोजणीला आपला विरोध नाही. धोका असेल तर वाडी यादीत आलीच पाहिजे. पण घर हललं म्हणजे हक्क हलला असं होणार नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ४(५) मध्ये लिहिलं आहे की दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत ताब्यातल्या वनजमिनीवरून कोणाला काढता येत नाही. मान्य झालेला हक्क वारसाला जातो. रात्री खाली झोपायचं आणि दिवसा वर जाऊन आपलं खाचर कसायचं, याला या कायद्यात कुठे मनाई नाही. त्याच कायद्यात जुनी वस्ती आणि मोजणी न झालेलं गाव हेही गावच धरलं आहे. मग धोक्याच्या यादीत वाडीला वेगळं नाव का नाही?

अजून एक. माळीणनंतर पडकईला दोष द्यायची घाई झाली. पडकई म्हणजे सगळ्या वाडीने मिळून हाताने दगड लावून उतारावर खाचर बांधायचं काम. त्यात पाण्याची वाट सोडलेली असते. जेसीबीने डोंगराचा पायथा कापणं वेगळं आणि पडकई वेगळी. मोजणाऱ्यांनी या दोन्हीची नोंद वेगवेगळी करावी, एवढी अक्कल आमच्याकडून घ्यावी.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. पाऊस त्याची वाट बघणार नाही. प्रत्येक वाडीने या महिन्यात स्वतःची मोजणी करायची आहे:

१) वाडीच्या वरच्या अंगाला सगळ्यांनी मिळून एक फेरी मारा. जमिनीला भेग आहे का बघा. असेल तर दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि दर आठवड्याला अंतर मोजून वहीत लिहा.

२) झाडं किंवा खांब खाली कलले आहेत का, नवा झरा फुटला आहे का, जुना झरा गढूळ झाला आहे का, घराच्या भिंतीला तडे गेले का, दारं अडकायला लागली का, तेही लिहा. आपल्याकडे खाली काळा पाषाण आणि वर मुरूम-माती. मुरलेलं पाणी पाषाणावर अडतं, माती जड होते आणि सुटते. ही त्याची आधीची चिन्हं आहेत.

३) कोणतं घर कड्यापासून किती पावलांवर, त्यात माणसं किती, म्हातारी किती, पोरं किती, याचा हाताने नकाशा काढा.

४) जवळची सुरक्षित जागा तुम्हीच दाखवा. ती वनजमीन असेल तर तसं लिहा.

५) हे सगळं ग्रामसभेत वाचा, ठराव करा. ठरावात दोन मागण्या एकत्र पाहिजेत: वाडीचं नाव यादीत घ्या, आणि दाव्यांचा निकाल स्थलांतराच्या आधी लावा. प्रत तहसीलदाराला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

६) भेग वाढली किंवा झरा अचानक गढूळ झाला, तर कागदाची वाट न बघता त्याच दिवशी खाली उतरा. दावा परत लढता येतो.

शेवटी आपल्या शिकणाऱ्या पोरापोरींना. जुन्नर, आंबेगाव, अकोले, कर्जतकडची आपली कितीतरी मुलं या पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा कोणत्या साली झाला हे तुम्हाला झोपेतही सांगता येतं. चार दिवस पुस्तक मिटा आणि तो २००५ चा कायदा घेऊन आपल्या वाडीवर जा. वही धरा, नकाशा काढा, ठराव लिहायला मदत करा. उद्या तुमच्यातलाच कोणी तहसीलदार होईल आणि यादी त्याच्या टेबलावर येईल. तिच्यात आपल्या वाडीचं नाव शोधायची सवय आजपासून लावा.

भरलेल्या वह्यांची एक प्रत संघटनेकडे पाठवा. पुढच्या अंकात वाडीवार यादी छापू. ती आपली यादी असेल, आणि सरकारच्या यादीशेजारी ठेवून आपण विचारू की यातली कोणती वाडी तुम्हाला दिसली नाही.

डोंगर आपला, मोजणीही आपली. जिंदाबाद!