सराफ्यातली एकटी

'गर्दीतले एकटेपण' हा शब्दप्रयोग एम. ए.च्या उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा भेटतो की तो वाचताना पेन आपोआप पुढच्या ओळीवर जाते. महानगरीय जाणिवेच्या चर्चेतून आलेला हा प्रयोग आपण कोणत्याही गर्दीला सरसकट लावतो. तो सर्वत्र लागू पडत नाही, असे माझे मत आहे. आणि ते इंदूरच्या सराफ्यात एका रात्री उभ्या उभ्या झाले.

एका मौखिक परीक्षेच्या निमित्ताने इंदूरला गेले होते. रात्री राजवाड्याच्या सात मजली दरवाजावरून मागच्या गल्लीत शिरले. दिवसा ही सोन्याचांदीची पेठ. दुकाने बंद झाली की त्याच पायऱ्यांपुढे कढया आणि तवे मांडले जातात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गल्ली जागी राहते. रात्रीच्या वर्दळीने दुकानांची आपसूक राखण होते म्हणून सराफांनीच या खाऊवाल्यांना थारा दिला, असे तिथे सांगतात. खरे असो वा नसो, गर्दी हीच राखणदार ही कल्पना मला फार आवडली.

मक्याची कोवळी कणसे किसून दुधात शिजवलेला 'भुट्टे का कीस' द्रोणात घेतला. शब्दाचा कीस काढण्यात हयात घालवणाऱ्या आम्हा मंडळींना हा कीस अधिक पचतो, हे जाता जाता नोंदवते. पुढे एक जण दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून अलगद झेलत होता. थंडीचे दिवस होते, म्हणून गराडूही होता: तळलेला कंद, वर मसाला आणि लिंबू. इथे मात्र एकटीची अडचण कळली. चौघे असते तर बारा पदार्थ चाखून झाले असते. एका पोटात तीन मावतात. आपल्या प्रवासवर्णनांतले बाजार पदार्थांच्या याद्या होऊन बसतात, त्याचे एक कारण लेखकाला सोबत असते हे तर नसेल? गोडसे भटजी काकांबरोबर निघाले होते, 'अपूर्वाई'त सुनीताबाई आहेत. एकट्या माणसाला निवडावे लागते, थांबावे लागते, आणि थांबला की तो पदार्थाऐवजी माणसे पाहू लागतो.

मीही पाहत होते. कढईशेजारी बसायला जागा नव्हती. अनोळखी कोपर माझ्या कोपराला लागत होते, कुणी लिंबाची फोड पुढे करत होते. परकेपणा नावाची वस्तू तिथे शोधूनही सापडली नसती.

तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझे फोनवरचे बोलणे ऐकले असावे. होळकरांच्या गावात मराठी कानावर पडण्याचे नवल नाही, पण त्यांचे ते हिंदी वळणाचे, मायेचे मराठी ऐकून बरे वाटले. त्यांनी विचारले, "एकट्याच आलात का हो?"

मी म्हटले, "नाही, मिस्टर पुढे गेलेत, जिलबी घ्यायला."

मिस्टर पुण्यात होते. अकरा वाजून गेले होते, गल्ली दिव्यांनी लखलखत होती, भोवती शेकडो माणसे, विचारणारी सत्तरीची बाई. भीतीचे कारण औषधालाही नव्हते. तरी उत्तर तयारच होते, जणू ते माझ्याआधी कुणीतरी पाठ करून ठेवले होते. वर्गात स्त्रियांची आत्मचरित्रे शिकवताना 'मी' या सर्वनामाच्या धाडसावर मी दोन तासिका बोलते. सराफ्यात ते सर्वनाम एका प्रश्नासरशी 'मिस्टरां'च्या मागे जाऊन उभे राहिले.

तेव्हा एकटेपणाची चर्चा करायचीच तर ती गर्दीपासून सुरू करू नये. गर्दीने मला सामावून घेतले होते. एकटी असल्याचे लपवले ते मी. पुल्लिंगी 'एकटा प्रवासी' गृहीत धरून लिहिलेल्या आपल्या समीक्षेत या खोट्या उत्तराला जागा कुठे आहे?

आजींनी मात्र मान हलवली आणि म्हणाल्या, "मी तर एकटीच येते. घरच्यांना तिखट सोसत नाही." आणि त्यांनी आणखी एक द्रोण गराडू मागितला.